टेक्सास लेजिस्लेचर ऑनलाइन: निवृत्त लेफ्टनंट कर्नलची आमदारकी कागदावर वाचायची तर

ब्रायन बर्डवेल हे अमेरिकी लष्करातून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालेले रिपब्लिकन. २०१० साली ते टेक्सासच्या सिनेटमध्ये निवडून आले. त्यांचं नाव राज्याबाहेर पोचलं ते २०१५ च्या एका विधेयकामुळे. पण त्यांची वृत्ती सर्वांत स्वच्छ दिसते ती नोव्हेंबर २०२३ मधल्या एका मतात. पहिली गोष्ट ‘टेक्सास लेजिस्लेचर ऑनलाइन’ या सरकारी सेवेवर दोन मिनिटांत सापडते. दुसरीही तिथेच आहे, पण नेमकं कुठे बघायचं हे माहीत नसेल तर आठवडाभर चाळूनही हाती लागत नाही. या सेवेची ताकद आणि तिची उणीव दोन्ही एवढ्यात आली. ती कशी वापरायची आणि कुठे फसायला होतं, ते बर्डवेल यांचंच उदाहरण धरून बघू.

सेवा फुकट आहे. पत्ता कॅपिटॉल डॉट टेक्सास डॉट गव्ह. चालवतं टेक्सास लेजिस्लेटिव्ह काउन्सिल, म्हणजे विधिमंडळाचीच मसुदे आणि माहितीचं काम बघणारी यंत्रणा. १९८९ च्या ७१ व्या विधिमंडळापासूनची विधेयकं इथे शोधता येतात. त्याआधीचं काही हवं असेल तर लेजिस्लेटिव्ह रेफरन्स लायब्ररीच्या साइटकडे वळावं लागतं.

मराठी वाचकाने आधी एक फरक पक्का समजून घ्यावा, नाहीतर पुढचं सगळं चुकीच्या चष्म्यातून दिसेल. आपल्याकडे विधानसभेत आमदाराच्या नावावर कायदा शोधायला गेलं तर फारसं काही मिळत नाही. जवळजवळ सगळी संमत विधेयकं सरकारी असतात, अशासकीय विधेयकं क्वचितच तडीला जातात. बरंचसं कामकाज आवाजी मतदानाने उरकतं, आणि पक्षादेश मोडला तर पक्षांतरबंदीखाली सदस्यत्वच जाऊ शकतं. टेक्सासमध्ये ‘सरकारी विधेयक’ हा प्रकारच नाही. गव्हर्नरला एखादा कायदा हवा असला तरी तो कुणा ना कुणा सदस्याने स्वतःच्या नावाने मांडावा लागतो. पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून आसन जात नाही. सिनेटमध्ये ३१ जण, खालच्या सभागृहात, म्हणजे हाउसमध्ये, १५०. नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षी, जास्तीत जास्त १४० दिवस. पगार महिना ६०० डॉलर, वर्षाला ७,२००, वर अधिवेशनातला दैनिक भत्ता. त्यामुळे इथल्या आमदाराची खरी मिळकत म्हणजे त्याच्या नावावरचे कागद, आणि ते कागद ही सेवा जसेच्या तसे समोर ठेवते.

बर्डवेल यांची पार्श्वभूमी थोडक्यात. जन्म १९६१, फोर्ट वर्थ. लमार विद्यापीठातून १९८४ ला पदवी, मग तोफखान्यात अधिकारी, पहिल्या आखाती युद्धात सहभाग. ११ सप्टेंबर २००१ ला विमान पेंटागॉनवर आदळलं तेव्हा ते त्याच इमारतीत होते. शरीराचा सुमारे ६० टक्के भाग भाजला, पुढे ३९ शस्त्रक्रिया झाल्या. २००४ ला निवृत्ती. २०१० मध्ये सिनेटच्या २२ क्रमांकाच्या मतदारसंघात पोटनिवडणूक लागली. जूनमधल्या दुसऱ्या फेरीत त्यांनी माजी सिनेटर डेव्हिड सिब्ली यांना हरवलं. घर ग्रॅनबरीला, मतदारसंघातलं मोठं शहर वेको. यातलं जवळजवळ काहीही ‘टेक्सास लेजिस्लेचर ऑनलाइन’वर मिळणार नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. ही सेवा माणसाची माहिती देत नाही, विधेयकाची देते.

एसबी ११ उघडताना

पहिल्या पानावरच शोधाची चौकट आहे. अधिवेशन निवडायचं, क्रमांक टाकायचा, झालं. इथेच सर्वांत जास्त लोक चुकतात. यादीत ‘८४(आर)’ म्हणजे ८४ व्या विधिमंडळाचं नियमित अधिवेशन, २०१५ चं. ‘८८(३)’ म्हणजे ८८ व्या विधिमंडळाचं तिसरं विशेष अधिवेशन, २०२३ चं. प्रत्येक अधिवेशनात, विशेष अधिवेशनातसुद्धा, विधेयकांचे क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतात. (क्रमांकाआधीचं ‘एसबी’ म्हणजे सिनेटचं विधेयक, ‘एचबी’ म्हणजे हाउसचं.) आता बर्डवेल यांच्या बाबतीत योगायोग असा की ८४(आर) मधलं एसबी ११ त्यांचं आणि ८८(३) मधलं एसबी ११ही त्यांचंच. पहिलं विद्यापीठात परवानाधारकाने पिस्तूल बाळगण्याबद्दल, दुसरं सीमा बेकायदा ओलांडणं हा राज्याचा गुन्हा ठरवण्याबद्दल. लेखक तोच दिसतो म्हणून आपण बरोबर पानावर आहोत असं वाटतं आणि भलताच मजकूर वाचला जातो. टिपण करताना क्रमांकाशेजारी अधिवेशनाचा कोड लिहायची सवय लावून घ्या. नुसतं ‘एसबी ११’ निरुपयोगी आहे.

८४(आर) चं पान उघडलं की वर टॅबची ओळ दिसते: हिस्टरी, टेक्स्ट, ॲक्शन्स, कम्पॅनियन्स, अमेंडमेंट्स, ऑथर्स, स्पॉन्सर्स, कॅप्शन्स, बिल स्टेजेस. नवखा माणूस हिस्टरी वाचून थांबतो. खरा माल ॲक्शन्स, टेक्स्ट आणि अमेंडमेंट्स या तिघांत आहे. ‘ऑथर’ म्हणजे विधेयक ज्या सभागृहात जन्मलं तिथला सदस्य, ‘स्पॉन्सर’ म्हणजे दुसऱ्या सभागृहात ते पुढे नेणारा. इथे ऑथर बर्डवेल, स्पॉन्सर ॲलन फ्लेचर.

ॲक्शन्समध्ये खालून वर वाचत जा. एका नोंदीपाशी दचकायला होईल: ‘रूल्स सस्पेंडेड, रेग्युलर ऑर्डर ऑफ बिझनेस’. वाटतं, नियम गुंडाळून ठेवून काहीतरी दांडगाई केली. तसं नाही. सिनेटच्या कामकाजपत्रिकेत सर्वांत वर एक बिनमहत्त्वाचं विधेयक मुद्दाम अडवून ठेवलेलं असतं. त्याला तिथे ‘ब्लॉकर बिल’ म्हणतात. ते कधीच चर्चेला येत नाही. त्यामुळे त्याच्या खालचं कुठलंही विधेयक घ्यायचं तर क्रम मोडावा लागतो, आणि क्रम मोडायला साध्या बहुमताहून जास्त मतं लागतात. सिनेटमधली खरी लढाई विधेयक संमत करण्याची नसते, ते चर्चेला घेण्याची असते.

हे कळलं की २०१३ आणि २०१५ मधला फरक आपोआप उलगडतो, आणि माझ्या मते या सेवेचा सर्वांत सुंदर उपयोग हाच. २०१३ च्या ८३(आर) मध्ये बर्डवेल यांनी हाच विषय एसबी १८२ म्हणून मांडला होता. फ्लेचर यांचं एचबी ९७२ त्याच वर्षी खालच्या सभागृहात संमत झालं. सिनेटमध्ये मात्र विषय अडला. तेव्हा क्रम मोडायला दोन तृतीयांश, म्हणजे २१ मतं लागत आणि रिपब्लिकन होते १९. पुढे २०१४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन २० झाले. डॅन पॅट्रिक लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून सिनेटचे अध्यक्ष झाले आणि जानेवारी २०१५ मध्ये नियम बदलून तीन पंचमांश, म्हणजे १९ मतं पुरेशी करण्यात आली. मार्चमध्ये एसबी ११ संमत झालं, मतं २० विरुद्ध ११. माणूस तोच आणि विषयही तोच. बदललेला नियम आणि वाढलेलं एक आसन एवढ्याने फरक पडला. विधेयकाचा क्रमांकही बोलतो. सिनेटमध्ये सुरुवातीचे क्रमांक लेफ्टनंट गव्हर्नरच्या प्राधान्याच्या विधेयकांसाठी राखून ठेवतात. १८२ वरून ११ वर येणं म्हणजे विषय एका सदस्याच्या खात्यातून नेतृत्वाच्या खात्यात गेला. एखाद्या आमदाराने ‘मी अमुक कायदा करून दाखवला’ म्हटलं तर आधी हा क्रमांक बघावा.

आणखी एक बारकावा. टेक्सासच्या राज्यघटनेनुसार विधेयकाचं वाचन तीन वेगवेगळ्या दिवशी व्हायला हवं. ही अट शिथिल करायला चार पंचमांश मतं लागतात. बिनविरोध विधेयकात दुसरं आणि तिसरं वाचन एकाच तारखेला दिसतं. वादग्रस्त विधेयकात विरोधक ती सवलत देत नाहीत, म्हणून तारखा वेगळ्या पडतात. एकाच तारखेला दोन्ही वाचनं दिसली तर विरोध किरकोळ होता असं समजायला हरकत नाही. हे अनुमान बहुतेक वेळा बरोबर ठरतं आणि वेळ फार वाचवतं.

मजकुराच्या प्रती: इथे घाई नको

टेक्स्ट टॅबमध्ये एकाच विधेयकाच्या अनेक प्रती असतात: मांडलेली, सिनेट समितीची, सिनेटने संमत केलेली (एन्ग्रॉस्ड), हाउस समितीची, आणि शेवटची (एन्रोल्ड). मध्ये संयुक्त समिती बसली असेल तर तिचा अहवालही. प्रतींसोबत विश्लेषण आणि खर्चाची टीप, आणि समितीच्या प्रतींसोबत साक्षीदारांची यादी जोडलेली असते. नवा मजकूर अधोरेखित, काढलेला मजकूर चौकोनी कंसात खोडलेला. ब्राउझरचं आपोआप भाषांतर इथे वापरू नका. काढलेलं आणि घातलेलं एकमेकांत मिसळलं तर अर्थ उलटा होतो. पीडीएफ उतरवून मूळ इंग्रजीच वाचा.

बातम्यांमधून बहुतेकांच्या लक्षात राहतं ते एवढंच, की टेक्सासने विद्यापीठात पिस्तुलं आणू दिली. शेवटची प्रत वाचली तर चित्र बरंच वेगळं आहे. सिनेटमधून बाहेर पडलेल्या विधेयकात विद्यापीठांच्या हातात फार थोडं होतं. मे महिन्यात हाउसमध्ये दुरुस्त्यांचा पाऊस पडला, अमेंडमेंट्स टॅब उघडला की त्याची लांबी बघूनच कल्पना येते. मग संयुक्त समितीतून जी तडजोड निघाली तिच्यानुसार सरकारी विद्यापीठाचा अध्यक्ष विद्यार्थी, प्राध्यापक आणि कर्मचाऱ्यांशी सल्लामसलत करून नियम ठरवतो आणि काही जागा शस्त्रमुक्त ठेवू शकतो. मात्र त्या नियमांचा परिणाम सरसकट बंदी असा होता कामा नये. नियामक मंडळाला ते बदलायचे तर ९० दिवसांच्या आत आणि दोन तृतीयांश मतांनी. प्रत्येक सम वर्षी १ सप्टेंबरपर्यंत विद्यापीठाने विधिमंडळाला अहवाल द्यायचा. खासगी विद्यापीठांना सल्लामसलत करून बाहेर राहण्याची मुभा. ती बेलर विद्यापीठाने घेतली, आणि बेलर आहे वेकोला, बर्डवेल यांच्याच मतदारसंघात.

गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी जून २०१५ मध्ये सही केली. चार वर्षांच्या विद्यापीठांना कायदा लागू झाला १ ऑगस्ट २०१६ पासून, कम्युनिटी कॉलेजांना त्यानंतर बरोबर वर्षाने. ऑस्टिनच्या विद्यापीठातल्या मनोऱ्यावरून झालेल्या गोळीबाराला त्याच १ ऑगस्टला ५० वर्षं पूर्ण होत होती. ऑस्टिनमधल्या तीन प्राध्यापिकांनी कायद्याला आव्हान दिलं, ते २०१८ मध्ये अपील न्यायालयातही टिकलं नाही.

मुलगा किंवा मुलगी ऑस्टिन, डॅलस किंवा कॉलेज स्टेशनला शिकत असलेल्या मराठी पालकांनी विधेयकाचं पान वाचून थांबू नये. विधेयक म्हणजे त्या दिवसाचा फोटो, चालू कायदा राज्याच्या कायदेसंग्रहात असतो. तिथे गव्हर्नमेंट कोड, कलम ४११.२०३१ उघडा, आणि मग त्या त्या विद्यापीठाची स्वतःची नियमावली वाचा. कुठली प्रयोगशाळा, कुठलं वसतिगृह, कुठलं रुग्णालय वगळलं आहे, ते फक्त तिथेच कळतं. कॅम्पसवर उघडपणे शस्त्र बाळगायला परवानगी नाही. आणि २०२१ मध्ये राज्यात विनापरवाना पिस्तूल बाळगण्याची मुभा देणारं एचबी १९२७ आलं, तरी कॅम्पससाठी परवान्याची अट कायम राहिली. एफ-१ सारख्या व्हिसावरच्या विद्यार्थ्याला मोजके अपवाद सोडता शस्त्र बाळगण्याचीच मनाई आहे. पण ती केंद्रीय कायद्यात आहे, टेक्सासच्या या साइटवर तिचा पत्ता लागत नाही.

साक्षीदारांच्या यादीबद्दल एक सूचना. तिथे तीन रकाने असतात: बाजूने, विरोधात, आणि ‘विषयावर’. सरकारी संस्थांना सार्वजनिक पैसा वापरून कायद्यासाठी किंवा विरुद्ध प्रचार करायला बंदी असल्यामुळे त्यांचे अधिकारी बहुधा तिसऱ्या रकान्यात नाव नोंदवतात. म्हणून फक्त ‘विरोधात’चा रकाना मोजून ‘कुणी फारसं विरोधात नव्हतं’ म्हणणं चूक. एसबी ११ च्या वेळी टेक्सास विद्यापीठ समूहाचे कुलगुरू होते विल्यम मॅकरेव्हन, नौदलाचे निवृत्त ॲडमिरल. त्यांनी राज्याच्या नेत्यांना पत्र लिहून या कल्पनेला उघड विरोध केला होता. निवृत्त ॲडमिरल एका बाजूला आणि निवृत्त लेफ्टनंट कर्नल दुसऱ्या बाजूला. ‘लष्करातला माणूस म्हणजे अमुकच बोलणार’ असं धरून चालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

यादी काढायची तर २२ वेळा

एका सदस्याची सगळी विधेयकं हवी असतील तर रिपोर्ट्सच्या विभागात लेखकानुसार यादी मिळते. सोय चांगली, पण एका वेळी एकच अधिवेशन. बर्डवेल यांच्यासाठी ८२(आर) ते ८९(आर) ही ८ नियमित अधिवेशनं, शिवाय विशेष अधिवेशनं: २०११ ला १, २०१३ ला ३, २०१७ ला १, २०२१ ला ३, २०२३ ला ४, २०२५ ला २. एकूण २२ वेळा तीच निवड, तेच बटण. सगळी कारकीर्द एका पानावर दाखवणारा पर्याय असायलाच हवा होता. आमदाराचं काम तपासणारा माणूस एका अधिवेशनापुरता विचार करत नाही.

यादी आली की एकूण आकडा मोजू नका. त्यात एसआर, म्हणजे सिनेटचे साधे ठराव, खच्चून भरलेले असतात: शाळेच्या संघाचं अभिनंदन, कुणाची निवृत्ती, कुणाला श्रद्धांजली. मोजायचे ते एसबी आणि एसजेआर, म्हणजे सिनेटमध्ये मांडलेले संयुक्त ठराव. दुसरं, प्रकार निवडताना ‘मुख्य लेखक’ घ्या. सहलेखक म्हणून नाव घालणं म्हणजे पाठिंब्याची सही, ते काम नव्हे. तिसरं, प्रत्येक विधेयकाची शेवटची कृती बघा. ‘रिफर्ड टू’ वर थांबलेलं विधेयक समितीच्या कपाटातच राहिलं असं समजा.

अशी चाळणी लावल्यावर बर्डवेल यांच्या कागदांतून जे वर येतं ते बंदुकांपुरतं नाही. २०१७ चं एसजेआर २ घ्या. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पाचव्या कलमाखाली दुरुस्ती परिषद बोलवा अशी टेक्सासची मागणी त्यात आहे, उद्देश केंद्राच्या सत्तेला मर्यादा घालण्याचा. ते दोन्ही सभागृहांत संमत झालं. (गव्हर्नरची सही शोधत बसू नका, अशा संयुक्त ठरावाला ती लागत नाही.) मग २०२१ चं एसबी १०२५ आणि सोबतचं एसजेआर ४५: साथीसारख्या आणीबाणीत व्यवसाय बंद ठेवण्याचा अधिकार गव्हर्नरकडे नको, विधिमंडळाकडे हवा. गव्हर्नर त्यांच्याच पक्षाचे होते. सिनेटमध्ये संमत झालं, हाउसमध्ये थांबलं. केंद्र असो वा स्वतःच्या पक्षाचा गव्हर्नर, अधिकार घटनेने ज्याला दिलाय त्याच्याकडेच राहावा हा धागा दोन्हीत एकच आहे.

जे यादीत येत नाही

२०२३ मध्ये सीमेचा प्रश्न पेटलेला होता. नियमित अधिवेशनात बर्डवेल यांनी एसबी २४२४ आणलं, ते सिनेटमधून गेलं आणि हाउसमध्ये अडलं. तिसऱ्या विशेष अधिवेशनात तोच विषय घेऊन एसबी ११ आलं. तेही तडीला गेलं नाही. चौथ्या विशेष अधिवेशनात चार्ल्स पेरी यांचं एसबी ४ आलं. त्यात अटकेपुढे जाऊन एक पाऊल होतं: राज्यातला न्यायदंडाधिकारी माणसाला परत मेक्सिकोत जायचा आदेश देऊ शकेल. सिनेटने ते ९ नोव्हेंबरला १७ विरुद्ध ११ मतांनी संमत केलं. विरोधात मत देणारे एकमेव रिपब्लिकन होते ब्रायन बर्डवेल. ज्यांनी दोनदा हा विषय स्वतः मांडला, त्यांनीच. परदेशी माणसाला देशाबाहेर काढणं हा केंद्राचा अधिकार, आणि केंद्र आपलं कर्तव्य करत नाही म्हणून आपण घटनेची शपथ मोडावी असं होत नाही, ही त्यांची भूमिका.

माझ्या दृष्टीने त्यांच्या कारकिर्दीतलं हे सर्वांत मोलाचं पान आहे. त्यांच्या इतर मतांशी सहमत असा वा नसा, पक्षाच्या सर्वांत लाडक्या विधेयकाविरुद्ध एकट्याने उभं राहायला काय लागतं ते इथे दिसतं. आणि लेखकानुसार काढलेल्या २२ याद्यांत याचा मागमूस नाही, कारण विधेयक त्यांचं नव्हतंच.

ते शोधायचं असं. अधिवेशन ८८(४) निवडा, एसबी ४ उघडा, ॲक्शन्समध्ये जा. हाउसच्या मतदानाला ‘आरव्ही’ असा नोंदक्रमांक असतो. सिनेटच्या मतदानाला तो नसतो, फक्त ‘व्होट रेकॉर्डेड इन जर्नल’ असं लिहिलेलं दिसतं आणि समोर पान क्रमांक. ती तारीख आणि ते पान टिपून घ्या, सिनेट जर्नलची त्या दिवसाची पीडीएफ उघडा, आणि पीडीएफमध्ये ‘नेज्’ (विरोधातली मतं) हा शब्द शोधा. खाली आडनावं वर्णानुक्रमाने येतात. अशा एकूण तीन पायऱ्या. सदस्याचं नाव टाकून ‘याने कुठे कुठे पक्षाविरुद्ध मत दिलं’ असं विचारण्याची सोय या सेवेत नाही, ही तिची सर्वांत मोठी उणीव. त्यासाठी लेजिस्कॅनसारखी खासगी सेवा सोबत ठेवावी, तिथे मतदानाच्या पानावर नावनिहाय मतं एकत्र दिसतात. पण अंतिम पुरावा म्हणून जर्नलचंच पान धरा.

आणि भाषण? जर्नल म्हणजे शब्दशः कामकाज नव्हे. आपल्या विधानमंडळाच्या कार्यवृत्तासारखं काही तिथे शोधू नका. एखाद्याचे शब्द लेखी नोंदवावेत अशी मागणी झाली आणि ती मान्य झाली तरच ते छापले जातात. बाकी सगळं सिनेटच्या साइटवरच्या चित्रफितींत. चित्रफीत कित्येक तासांची असते, म्हणून आधी जर्नलमध्ये त्या दिवशी कुठलं विधेयक कितव्या क्रमाने आलं ते बघून अंदाजे तिथे उडी मारा. उलट केलंत तर दुपार गेली समजा.

सोबत काय लागेल

सदस्याची कारकीर्द, मतदारसंघ आणि समित्या लेजिस्लेटिव्ह रेफरन्स लायब्ररीच्या साइटवर नीट लावलेल्या आहेत. बर्डवेल आधी नियुक्त्यांच्या समितीचे आणि २०१९ पासून नैसर्गिक संसाधनं व आर्थिक विकास समितीचे अध्यक्ष होते, हे तिथून कळतं. समितीचा अध्यक्ष कुठलं विधेयक सुनावणीला घेतो आणि कुठलं घेत नाही, यात त्याची खरी सत्ता असते. त्यामुळे अध्यक्षपदाची वर्षं टिपून मग त्या समितीची पानं चाळावीत. देणग्या टेक्सास एथिक्स कमिशनकडे. मतदारसंघाचा नकाशा वेगळ्या साइटवर, आणि तो वर्षागणिक तपासून घ्यावा. फेररचनेनंतर हद्दी बदलतात, सगळ्या ३१ जागांची निवडणूक होते आणि कुणाला दोन वर्षं, कुणाला चार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं.

२०१० मध्ये त्यांच्या निवासाच्या अटीवरून वाद झाला होता. सिनेटरला निवडणुकीआधी पाच वर्षं राज्यात राहिलेला असण्याची अट आहे, आणि त्यांनी आधी व्हर्जिनियात मतदान केलं होतं. आव्हान न्यायालयात टिकलं नाही. हे जुन्या वर्तमानपत्रांतच वाचायला मिळेल. विधिमंडळाच्या कागदांत निवडून येण्याआधीचं काही येत नाही.

चालू अधिवेशन बघायचं असेल तर ‘माय टीएलओ’ वर मोफत खातं उघडा. विधेयकांची यादी बनवा, बदल झाला की इमेल येतो. नव्या अधिवेशनात क्रमांक नव्याने सुरू होतात म्हणून यादीही नव्याने करावी लागते, जुनी तशीच ठेवून वाट बघत बसलात तर काहीच येणार नाही. मे महिन्याच्या शेवटच्या पंधरवड्यात इमेलवर विसंबू नका, मुदती संपत आलेल्या असतात आणि विधेयक एका दिवसात जगतं किंवा मरतं. त्या दिवसांत ॲक्शन्सचं पान स्वतः उघडून बघावं. सगळ्या विधेयकांचा मजकूर एकगठ्ठा हवा असेल तर एफटीपीची सोय आहे. मात्र आजचे ब्राउझर एफटीपी उघडत नाहीत, फाइलझिलासारखं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. साइट मोबाइलवर उघडते, पण ॲक्शन्सचा तक्ता आणि अधोरेखित मजकूर मोठ्या पडद्यावरच नीट वाचता येतो.

पहिल्यांदा वापरणाऱ्याने सरावासाठी हा क्रम घ्यावा: ८३(आर) एसबी १८२, मग ८४(आर) एसबी ११, मग ८८(३) एसबी ११, आणि शेवटी ८८(४) एसबी ४ चं सिनेट जर्नल. पहिल्या तिन्ही ठिकाणी ‘ऑथर’पुढे एकच आडनाव दिसेल. चौथ्या ठिकाणी तेच आडनाव ‘नेज्’च्या ओळीत.